खालून येणारा शब्द

मार्चअखेर जवळ आली की कार्यालयांतून हिशेबाच्या वह्यांबरोबर आणखी एक काम हातावेगळे करावे लागते. वर्षभरात कोणी कसे काम केले, त्याचा अहवाल. कर्मचाऱ्याने छापील नमुन्यात आपल्या कामाचा गोषवारा द्यायचा, प्रतिवेदन अधिकाऱ्याने त्याखाली आपले मत नोंदवायचे आणि पुनर्विलोकन अधिकाऱ्याने बहुधा त्यावर मान डोलवायची. बारा महिन्यांची हजेरी, घेतलेल्या आणि न घेतलेल्या रजा, दिवे लागेपर्यंत बसून निकालात काढलेल्या फायली, हे सारे अखेर एका विशेषणात किंवा एका अंकात मावते. या व्यवहारातील एक गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. मत नेहमी वरून खाली येते. साहेबांचे वर्ष कसे गेले, हे कारकुनाला विचारणारा रकाना त्या नमुन्यात नसतो. कारकून आपले मत चहाच्या टपरीवर देतो. आणि कार्यालयाच्या कारभाराचा याहून अचूक अहवाल अन्यत्र कोठे मिळत असेल, असे वाटत नाही.

खाजगी क्षेत्रात, विशेषतः अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांत, १९९० नंतर हा रकाना मोठ्या प्रमाणावर उघडला गेला. व्यवस्थापकाच्या कामाविषयी त्याच्या वरिष्ठाचे मत तर घ्यायचेच. पण त्याच्या बरोबरीचे सहकारी, त्याच्या हाताखालची माणसे आणि जमल्यास ग्राहक यांनाही विचारायचे, आणि व्यवस्थापकाने स्वतःला दिलेल्या गुणांशेजारी ही सर्व मते मांडून तो कागद त्याच्या हाती ठेवायचा, अशी ही रीत. चहूबाजूंनी येणारे मत म्हणून तिला ‘३६० अंशांचे मूल्यमापन’ असे भूमितीतले नाव पडले. भारतातील अनेक मोठ्या कंपन्यांनी ती उचलली, आणि पुढे केंद्र सरकारनेही आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या निवडीत तिचा आधार घेतला. कल्पना लोकशाहीला साजेशी आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, निरनिराळ्या दिशांनी आलेली ही मते समोर आल्यावर व्यवस्थापक त्यांचे करतो काय? ती सारी तो सारख्याच नजरेने वाचतो काय?

तसे तो वाचत नाही, हे सांगायला खरे तर संशोधनाची गरज नसावी. मनुष्य काय सांगितले गेले याच्या आधी कोणी सांगितले हे पाहतो. वरिष्ठाचे मत त्याला आज्ञेसारखे भासते, कारण बढती आणि बदली त्या लेखणीच्या टोकाशी असते. बरोबरीच्याने दोष दाखवला की त्यात स्पर्धेचा वास येतो. उद्याची रिकामी होणारी खुर्ची दोघांच्याही डोळ्यांसमोर असते. आणि हाताखालच्याने काही सुचवले, तर ‘यांना काम सांगितले की राग येतो’ एवढे म्हणून ते मिटवून टाकता येते. गंमत अशी की, व्यवस्थापकाचे काम खरोखर दिसते ते या तिसऱ्या गटाला. वरिष्ठाला तो महिन्याकाठच्या बैठकीत, तयारी करून, इस्त्रीच्या कपड्यांत दिसतो. खालच्याला तो रोज दिसतो. बोलणे ऐकून घेतो की मध्येच तोडतो, फाईल हरवली की कोणाचे नाव पुढे करतो, दुसऱ्याने केलेल्या टिपणीवर स्वतःची सही ठोकतो की नाही, हे ज्याला ठाऊक असते त्याचे मत कोणी विचारत नाही. आणि ज्याचे मत निर्णायक ठरते त्याला यातले फारसे काही ठाऊक नसते. माहिती तळाशी आणि अधिकार शिखरावर, अशी ही वाटणी आहे.

‘चांगला’ हा शेरा

वरून येणारे मत तरी निर्दोष असते काय? आपल्याकडे ते कितीतरी काळ गुप्तच ठेवले जात असे. त्याचे नावच मुळी गोपनीय अहवाल. प्रतिकूल शेरा असेल तर तेवढा कळवायचा, एरवी नाही, असा नियम होता. त्या नियमाने काय घडू शकते, याचे उदाहरण सीमा रस्त्यांच्या अभियांत्रिकी सेवेतील देव दत्त या कार्यकारी अभियंत्याच्या दाव्यात पाहायला मिळते. अधीक्षक अभियंता म्हणून बढती मिळण्यासाठी आधीच्या पाच वर्षांत ‘अतिशय चांगला’ हा शेरा असणे आवश्यक होते. १९९३-९४ या वर्षी त्यांना ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. ‘चांगला’ हा शब्द प्रतिकूल कसा म्हणायचा? म्हणून तो त्यांना कळवलाच गेला नाही. आणि त्याच एका शब्दाने त्यांची बढती अडली. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, शेरा वाईट असो, बरा असो वा उत्तम असो, प्रत्येक नोंद संबंधित कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. न कळवणे हे घटनेच्या १४व्या कलमाशी विसंगत आहे. तोपर्यंत देव दत्त निवृत्त झालेले होते. पुढे २०१३ मध्ये सुखदेव सिंग यांच्या दाव्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने याच तत्त्वावर शिक्कामोर्तब केले.

केंद्र सरकारने मे २००९ मध्ये या निकालाला धरून आदेश काढले. ‘गोपनीय’ हा शब्द जाऊन ‘वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल’ असे नाव आले आणि संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवून त्यावर म्हणणे मांडण्यास पंधरा दिवसांची मुदत मिळू लागली. सुधारणा मोठीच. तथापि तिचा एक परिणाम असाही झाला की, लिहिलेले सर्व काही वाचले जाणार हे कळल्यावर लिहिणाऱ्याची लेखणी मऊ झाली. उगाच वाद नको, निवेदने नकोत, म्हणून दहापैकी नऊ गुण देऊन मोकळे होण्याकडे ओढा वाढला. ज्या वर्गात सर्वांनाच विशेष प्राविण्य मिळते, त्या वर्गाच्या गुणपत्रिकेला काय किंमत असते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

आरसा आणि माणूस

अभिप्राय मिळाला की माणूस सुधारतो, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की तिच्याबद्दल शंका घेणेही विचित्र वाटते. क्लुगर आणि डेनिसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये या विषयावरील जुने-नवे प्रयोग एकत्र करून ६०७ निष्कर्षांची छाननी केली. सरासरीने पाहता अभिप्रायाने काम सुधारते, हे खरे ठरले. परंतु एक-तृतीयांशाहून अधिक निष्कर्षांत अभिप्रायानंतर काम उलट बिघडले होते! त्यांनी दिलेली मीमांसा मननीय आहे. अभिप्राय ऐकून लक्ष जोवर कामावर राहते तोवर त्याचा उपयोग होतो. ते लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ या प्रश्नावर गेले की उपयोग कमी होतो. ‘पत्राला उत्तर चार दिवसांत गेले पाहिजे’ हे वाक्य कामाविषयी आहे. ‘तुम्ही आळशी आहात’ हे माणसाविषयी आहे. पहिल्याने पत्र जाते, दुसऱ्याने झोप जाते.

याच्या तीस वर्षे आधी जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीतील संशोधकांना असेच काही आढळले होते. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचे सार असे की, वार्षिक मुलाखतीत वरिष्ठाने केलेल्या टीकेने काम सुधारत नाही, माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. आणि केलेल्या स्तुतीनेही विशेष फरक पडत नाही. त्यांनी सुचवले की, पगारवाढीचा निर्णय आणि काम सुधारण्याची चर्चा या दोन गोष्टी एका बैठकीत करूच नयेत. एकाच खुर्चीत बसून न्यायाधीशही व्हायचे आणि गुरुजीही व्हायचे, हे जमत नाही. समोरच्या माणसाला तेथे न्यायाधीशच दिसतो.

बहुदिशांनी येणाऱ्या मतांचे काय? हॅरिस आणि शॉब्रुक यांनी १९८८ मध्ये केलेल्या तुलनेत वरिष्ठांची आणि बरोबरीच्यांची मते एकमेकांशी बरीच जुळताना दिसली. सहसंबंधाचा गुणांक ०.६२ इतका होता. पण माणसाचे स्वतःविषयीचे मत या दोहोंपैकी कोणाशीही फारसे जुळत नव्हते. तेथे गुणांक ०.३५च्या आसपास घोटाळत होता. थोडक्यात, इतरांचे आपसात एकमत होते, मतभेद असतो तो ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्याशी. आणि नेमके या मतभेदाच्या जागीच अभिप्राय निकामी होतो. ब्रेट आणि अ‍ॅटवॉटर यांच्या २००१ मधील अभ्यासात, ज्यांना कमी गुण मिळाले त्यांनी तो अभिप्राय कमी अचूक आणि कमी उपयोगी मानला, असे दिसून आले. म्हणजे ज्याला औषधाची गरज सर्वांत जास्त, तोच वैद्याच्या पदवीविषयी शंका घेतो. स्मिदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये, कालांतराने पुन्हा मोजणी केलेले २४ अभ्यास एकत्र पाहिले. सुधारणा होते, पण अल्प. आणि बरोबरीच्या सहकाऱ्यांच्या मतात पडलेला फरक तर नगण्य म्हणावा इतकाच.

शिक्षकांनी येथे हसण्याचे कारण नाही. महाविद्यालयांच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाची नोंद आता अपेक्षित असते. ते अर्ज भरून घेतले जातात, त्यांचे तक्ते होतात, तक्त्यांची फाईल होते. ‘शिकवलेले समजत नाही’ असे एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले की प्राध्यापकांच्या खोलीत पहिला प्रश्न विचारला जातो, ‘हा वर्गात येतो तरी का?’ कारखान्याचा व्यवस्थापक आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक यांत या बाबतीत काडीचाही फरक नाही.

अर्थशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ही अडचण ओळखीची आहे. दुकानदाराला आपला माल वाईट आहे हे कोणी तोंडावर सांगावे लागत नाही; गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते आणि गल्ला सांगतो. हर्षमन यांनी १९७० मधील ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या ग्रंथात याच दोन वाटांचा विचार केला. एक निघून जाण्याची, दुसरी बोलण्याची. नायजेरियातील रेल्वेच्या अनुभवावरून त्यांना या विषयाची दिशा मिळाली होती. रेल्वेचा कारभार ढासळला तेव्हा ज्यांना शक्य होते ते व्यापारी मालमोटारींकडे वळले. तक्रार करून धारेवर धरू शकणारे तेच होते, आणि तेच गेले. तोटा सरकारी तिजोरीतून भरून निघत असल्याने रेल्वेला त्याची झळही लागली नाही. आपल्या कार्यालयातील कनिष्ठ लिपिकाची गत याहून कठीण आहे. पेन्शन, घराचे हप्ते, मुलांच्या शाळा यांच्यामुळे तो निघून जाऊ शकत नाही. आणि बोलला तर बोलण्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. जे खाजगी कंपनीतून राजीनामा देऊन जातात ते बहुधा कामात हुशार असतात. निघताना ते ‘घरगुती कारण’ असे लिहितात. साहेबांना वाटते, घरीच काही अडचण असावी.

दिल्लीतील प्रयोग

केंद्रात सहसचिव आणि त्यावरील पदांसाठी अधिकाऱ्यांची सूची करताना २०१५च्या सुमारास बहुदिशांनी मते मागवण्याची पद्धत सुरू झाली. वार्षिक अहवालांत जवळजवळ सगळेच उत्कृष्ट असतील, तर त्यांतून निवडायचे कोणाला, ही अडचण खरीच होती. म्हणून अधिकाऱ्याच्या माजी वरिष्ठांना, बरोबरीच्यांना, कनिष्ठांना आणि त्याच्याशी संबंध आलेल्या इतरांना त्याच्याविषयी विचारले जाऊ लागले. २०१७ मध्ये कार्मिक, सार्वजनिक तक्रारी, विधी व न्याय या विषयांच्या संसदीय स्थायी समितीने या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. ती अपारदर्शक आणि व्यक्तिनिष्ठ आहे. मते अनौपचारिकपणे घेतली जात असल्यामुळे त्यांत फेरफार होण्यास वाव आहे. ज्या अधिकाऱ्याने हाताखालच्यांना शिस्त लावली किंवा कोणाच्या गैरवाजवी मागण्या नाकारल्या, त्याच्याविषयी तीच माणसे निःपक्षपातीपणे बोलतील याची शाश्वती काय, असा समितीचा रोख होता.

समितीचा आक्षेप बिनतोड आहे. देव दत्त यांना जो शेरा कळवला गेला नाही तो निदान कागदावर तरी होता, आणि त्याखाली कोणाची तरी सही होती. येथे कोण काय बोलले याचा अधिकाऱ्याला पत्ता लागत नाही आणि त्यावर म्हणणे मांडण्याची सोयही राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जो दरवाजा उघडला होता तो मागच्या बाजूने लोटला गेला, असेच म्हणावे लागते. तथापि समितीच्या युक्तिवादात एक बाजू सुटली आहे. शिस्त लावणाऱ्याविषयी खालचे लोक आकसाने बोलतील, ही भीती खरी. पण वरिष्ठांची मर्जी सांभाळणाऱ्याविषयी वरिष्ठ जिव्हाळ्याने लिहितात, ही भीती काय कमी खरी आहे? आकस तेवढा दोष आणि जिव्हाळा तेवढा गुण, असे मानण्याचे कारण काय? पहिल्या दोषाची आपण चर्चा करतो; दुसऱ्याची इतकी सवय झाली आहे की त्याला दोष म्हणायचेही राहून जाते.

दिल्लीत चुकले ते खालच्यांना विचारले म्हणून नव्हे. सुधारण्यासाठी विचारायचे मत निवड करण्यासाठी वापरले, तेथे चुकले. जनरल इलेक्ट्रिकमधील संशोधकांनी पन्नास वर्षे आधी दिलेला इशारा तो हाच. मताला बढतीची किंमत चिकटली की मत देणाराही बदलतो आणि घेणाराही.

नाव घालून की निनावी?

मग खालून येणारे मत कामी यावे कसे? पहिली अडचण नावाची. अँटोनिओनी यांनी १९९४ मध्ये एका विमा कंपनीतील व्यवस्थापक आणि त्यांच्या हाताखालचे कर्मचारी यांचा अभ्यास केला. आपले नाव कळणार आहे असे ज्या कर्मचाऱ्यांना ठाऊक होते, त्यांनी साहेबांना अधिक गुण दिले. निनावी लिहिणाऱ्यांनी कमी दिले. आणि व्यवस्थापकांची पसंती कोणाला? नावासह आलेल्या मताला! निनावी मत खरे, पण ते पटत नाही. सही असलेले मत पटते, पण ते खरे नसते. हा पेच सहज सुटणारा नाही. शिवाय निनावीपणा हा मोठ्या कचेरीतच शक्य असतो. ज्या शाखेत चारच माणसे आहेत तेथे वाक्यरचनेवरूनही नाव कळते.

या बाबतीत वॉकर आणि स्मिदर यांचे १९९९ मधील निरीक्षण लक्ष वेधून घेते. त्यांनी २५२ व्यवस्थापकांना त्यांच्या हाताखालच्यांकडून मिळालेले अभिप्राय सलग पाच वर्षे पाहिले. ज्यांची सुरुवात वाईट किंवा मध्यम होती ते वर चढले. अर्थात तळाशी असलेला आकडा पुढल्या खेपेस आपोआपच थोडा सरासरीकडे सरकतो, हे संख्याशास्त्राचा विद्यार्थी लगेच म्हणेल. तेवढी वजावट करूनही सुधारणा उरली. परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. जे व्यवस्थापक मिळालेला अहवाल घेऊन आपल्या माणसांसमोर बसले, त्यांच्याशी त्यावर बोलले, ते न बोलणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले. इतकेच नव्हे, तर एकच व्यवस्थापक ज्या वर्षी आधीच्या अहवालावर असा बोलला त्या वर्षी अधिक सुधारला आणि ज्या वर्षी बोलला नाही त्या वर्षी तितका सुधारला नाही. अहवाल दोन्ही वर्षी त्याच्या टेबलावर होताच.

आपल्याकडे ही दिशा फार नवी आहे असे नाही. मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने १९७४ मध्ये आपली मूल्यमापनाची पद्धत तपासून पाहण्यासाठी अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना पाचारण केले होते. कर्मचाऱ्याला नुसते गुण देऊन थांबू नये, वरिष्ठाने त्याच्याशी बसून बोलावे, त्याच्या अडचणी ऐकाव्यात, यावर या दोघांनी भर दिला. त्यातून पुढे त्या कंपनीत मनुष्यबळ विकासाचे स्वतंत्र खाते उभे राहिले. अर्धशतक उलटून गेले. नमुने पुष्कळ बदलले, समोरासमोर बसणे मात्र मागेच राहिले. कारण नमुना भरला की पुरावा उरतो, बोलण्याचा पुरावा उरत नाही.

असे बोलणे घडवून आणण्यासाठी शासन निर्णय लागत नाही. बँकेच्या शाखा व्यवस्थापकाने, शाळेच्या मुख्याध्यापिकेने, तहसील कचेरीतील अव्वल कारकुनाने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्धा तास काढला तरी पुरे. ‘माझे काही चुकते का?’ असा मोघम प्रश्न विचारला, तर उत्तर ‘छे छे, साहेब’ हेच येणार. त्याऐवजी गेल्या वर्षीचे एखादे ठरावीक काम घ्यावे, वेतनवाढीची अडकलेली प्रकरणे किंवा परीक्षेचे बिघडलेले वेळापत्रक, आणि त्यात आपल्या हातून कोठे उशीर झाला हे साहेबांनी स्वतः आधी सांगावे. मग कोपऱ्यातला एखादा जुना शिपाई घसा साफ करून म्हणेल, ‘साहेब, ती फाईल आठ दिवस आपल्याच टेबलावर होती.’ त्या क्षणी साहेबांच्या चेहऱ्यावर काय उमटते ते खोलीतले सगळेजण बघत असतील, आणि पुढच्या एप्रिलमध्ये कोण किती बोलेल ते तेवढ्यात ठरून जाईल.